नंबर जुळला म्हणून इंजिन मूळचं?

जुन्या गाड्यांच्या व्यवहारात 'नंबर जुळतात' हे दोन शब्द परवलीचे झाले आहेत. विकणारा ते छातीठोकपणे सांगतो. घेणारा आरसी बुक हातात धरून बॉनेटखाली वाकतो, ब्लॉकवरची काजळी चिंधीनं पुसतो, एकेक आकडा ताडून पाहतो आणि समाधानानं उभा राहतो. इंजिन मूळचं आहे असं ठरतं आणि गाडीची किंमत तिथल्या तिथे चढते. नंबर जुळला नाही तर इंजिन बदललेलं आणि गाडीला बट्टा. रॅलीच्या मैदानापासून गॅरेजच्या बाकड्यापर्यंत हा नियम सगळे गृहीत धरून चालतात. माझं म्हणणं असं की या नियमाच्या दोन्ही बाजू चुकीच्या आहेत. नंबर जुळला म्हणून इंजिन मूळचं ठरत नाही आणि जुळला नाही म्हणून बदललेलंही ठरत नाही.

पूर्वपक्ष आधी त्याच्या सगळ्या बळासकट मांडायला हवा. नंबर हा रंगासारखा वरवरचा नाही, लोखंडात ठोकलेला असतो. तो ठोकतो कारखाना, आणि कागदावर उतरवतं सरकारी खातं. या दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. दोन साक्षीदार एकमेकांना न भेटता तेच सांगत असतील तर त्यांच्यावर विश्वास ठेवायचा नाही तर कुणावर? शिवाय सामान्य गिऱ्हाइकाला ओतकामातलं काय कळणार, त्याला पाच मिनिटांत स्वतः करता येईल अशी कसोटी हवी. हा युक्तिवाद बिनबुडाचा नाही. गाडी पाहायला गेल्यावर नंबर पाहायलाच हवा, याबद्दल दुमत नाही. पण या युक्तिवादाचं सगळं बळ 'एकमेकांना न भेटता' या अटीत आहे, आणि जुन्या गाड्यांच्या बाबतीत ती अट क्वचितच पाळली गेलेली असते.

कागदापासून सुरुवात करू. आज शोरूममधून निघणाऱ्या गाडीचे नंबर उत्पादकाच्या कागदावरून नोंदणीत जातात, तेव्हा दोन साक्षी खरोखर वेगळ्या असतात. पण दुसऱ्या महायुद्धानंतर लष्करानं मोडीत काढून लिलावात विकलेली जीप घ्या. ती कारखान्यातून निघाली १९४२ किंवा ४३ साली. मधल्या काळात तिनं युद्ध पाहिलं, लष्करी कार्यशाळा पाहिल्या, आणि मुलकी नोंदणीला ती उभी राहिली त्यानंतर काही वर्षांनी. त्या दिवशी बॉनेटखाली जे इंजिन होतं त्याचा नंबर पुस्तकात लिहिला गेला. म्हणजे कागदानं लोखंडावरून वाचून लिहिलं, आणि आज आपण त्याच कागदाशी तेच लोखंड ताडून पाहतो आहोत. यातून एवढंच कळतं की नोंदणीच्या दिवशीचं इंजिन आजही गाडीत आहे. कारखान्यातलं इंजिन कोणतं होतं, याबद्दल या पुस्तकाला काहीच माहीत नाही. पुढे कधी रीतसर इंजिन बदललं गेलं असेल तर बदललेला नंबरही पुस्तकात चढतो, आणि तोही जुळतो. हस्तांतराच्या वेळी चेसिस नंबरावर कागद धरून पेन्सिल घासून छाप घेण्याची आपली जुनी पद्धत आहे. तो छाप नंबर काय आहे ते सांगतो. तो कारखान्यात ठोकला की गेल्या वर्षी एखाद्या लेथवाल्याकडे, हे पेन्सिलीला कळत नाही.

जीपचं उदाहरण मी मुद्दाम घेतलं. जुळण्याच्या नियमाची इतकी स्वच्छ परीक्षा दुसऱ्या गाडीत होत नाही. अमेरिकी लष्करानं एकच जीप दोन कंपन्यांकडून बनवून घेतली. विलीजची ती एमबी आणि फोर्डची ती जीपीडब्ल्यू. १९४१ ते १९४५ या काळात दोघींनी मिळून सहा लाखांहून जास्त जीपा काढल्या. आराखडा एकच, इंजिनही एकच: 'गो-डेव्हिल' नावाचं चार सिलिंडरचं, २.२ लिटरचं, ६० हॉर्सपॉवरचं पेट्रोल इंजिन. एकीचं इंजिन दुसरीत विनासायास बसावं हीच लष्कराची अट होती. पण नंबर देण्याची दोघींची रीत वेगळी होती. फोर्डमध्ये मॉडेल टीच्या जमान्यापासून इंजिनाचा नंबर हाच गाडीचा नंबर मानायची पद्धत होती. त्यामुळे जीपीडब्ल्यू बाहेर पडताना तिच्या इंजिनावर आणि चेसिसच्या पट्टीवर एकच आकडा ठोकलेला असे. विलीजमध्ये तसं नव्हतं. तिथं इंजिनांची मालिका वेगळी, चेसिसची वेगळी, आणि इंजिनांचे आकडे चेसिसच्या आकड्यांच्या पुढे धावत असत.

आता जुळण्याचा नियम या दोन जुळ्या बहिणींना लावून पाहा. जीपीडब्ल्यूमध्ये चेसिस आणि इंजिनाचा नंबर एकच निघाला तर ते अपेक्षितच आहे. एमबीमध्ये तेच दिसलं तर कुणीतरी नंतर पंच आणि हातोडा हातात घेतलेला आहे. ज्या खुणेनं एका गाडीत विश्वास वाढतो, तीच खूण तिच्या बहिणीत बनावटीचा पुरावा ठरते. उत्पादकाची रीत माहीत नसताना 'जुळतो' या शब्दाला काहीच वजन नाही. किमान या एका गाडीपुरता तरी हा मुद्दा वादातीत आहे असं मला वाटतं.

जीपमध्ये आणखी आत जाता येतं, आणि खरी मौज तिथेच आहे. ब्लॉकच्या उजव्या अंगाला, ऑइल फिल्टरच्या मागे, नंबरासाठी एक सपाट उंचवटा ठेवलेला असतो. तिथे 'एमबी' ही अक्षरं आणि पुढे सहा आकडे ठोकायला दहा मिनिटं लागतात. पण पुढचं टायमिंग कव्हर उघडलं की आत जे दिसतं ते दहा मिनिटांत बनवता येत नाही. युद्धकाळातल्या या इंजिनात क्रँकशाफ्टवरून कॅमशाफ्टला साखळीनं गती दिलेली असे. युद्ध संपल्यावर विलीजनं नागरी जीप काढली, सीजे-२ए. तिच्या सुरुवातीच्या इंजिनांत साखळीच होती, पुढे कंपनीनं साखळी सोडून गिअर वापरले. गिअरला गिअर भिडला की कॅमशाफ्ट उलट्या दिशेनं फिरते, म्हणून कॅमशाफ्टसकट बरंच काही बदलावं लागलं. तेव्हा वर एमबीचा नंबर आणि कव्हरखाली गिअर असं दिसलं तर एकतर ब्लॉक युद्धानंतरचा आहे, नाहीतर आतलं सगळं काम नंतर कुणीतरी बदललेलं आहे. दोन्ही बाबतीत विकणाऱ्याला उत्तर द्यावं लागेल. साखळी दिसली म्हणून मात्र लगेच इंजिन मूळचं ठरत नाही, कारण सीजे-२एच्या पहिल्या इंजिनांतही ती आहे. हा फरक ध्यानात ठेवायला हवा. पुरावा बहुतेक वेळा एखादी शक्यता बाद करतो, आणि उरलेल्या शक्यतांसाठी पुढचा पुरावा शोधावा लागतो.

आपल्याकडच्या जीपांत बदल ओळखायला इतकं खोल जायची गरज बहुधा पडत नाही. महिंद्रनं दीर्घकाळ बनवलेल्या सीजे-३बीमध्ये हरिकेन नावाचं इंजिन होतं. त्यात इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये गेल्यानं ते इतकं उंच झालं की त्याच्यासाठी बॉनेटच वर उचलावं लागलं. पुढे डिझेलच्या काळात प्यूजोच्या आराखड्याचं एक्सडीपी इंजिन आलं, आणि मायलेजपायी कित्येक जुन्या पेट्रोल जीपांच्या पोटात डिझेल गेलं. ते बदल डोळ्यांना दिसतात. न दिसणारा बदल म्हणजे गो-डेव्हिलच्या जागी दुसरं गो-डेव्हिल, आणि नंबरावर सगळा भार टाकणारा माणूस नेमका तिथेच फसतो.

आता ठोकलेल्या नंबराकडे जवळून पाहू. त्यासाठी शेव्हरोलेसारखं उदाहरण नाही, कारण 'नंबर जुळतात' हे वेड जगभर पसरलं ते मुख्यतः शेव्हरोलेच्याच कॉर्व्हेट या स्पोर्ट्स कारच्या बाजारातून. या गाड्यांच्या इंजिनावर, हेडच्या पुढे, ब्लॉकचा एक छोटा पट्टा उघडा राहतो. त्यावर दोन ठसे असतात. पहिला इंजिनाच्या कारखान्यातला: फ्लिंट की टोनावांडा हे सांगणारं अक्षर, महिना आणि दिवसाचे चार आकडे, आणि इंजिनाचा प्रकार सांगणारी दोन-तीन अक्षरं. दुसरा ठसा म्हणजे गाडीच्या अनुक्रमांकाचा शेवटचा भाग. तो सेंट लुईसच्या गाडी-कारखान्यात पडायचा. म्हणजे जागा वेगळी, दिवस वेगळा, हत्यार वेगळं, माणूस वेगळा. म्हणून खऱ्या पट्ट्यावरचे दोन ठसे सहसा एकसारखे दिसत नाहीत. एकाची खोली, झोक, आकड्यांमधलं अंतर दुसऱ्याशी मिळत नाही. दोन्ही ठसे एकाच पंचाच्या संचातले, एकाच हातानं एका बैठकीत ठोकलेले दिसले तर जाणकार तिथेच थबकतो.

याहून महत्त्वाचा आहे तो नंबराखालचा पृष्ठभाग. कारखान्यात ब्लॉकचा माथा ब्रोचिंग यंत्रानं एका फटक्यात सपाट केला जाई. त्या कापणीच्या बारीक, समांतर रेघा इंजिनाच्या लांबीच्या दिशेनं जातात. तिरप्या उजेडात भिंगातून पाहिलं तर त्या रेघा पुढून मागे जाताना दिसतात आणि आकड्यांनी त्या मध्येच तोडलेल्या असतात. आधी कापणी, मग ठोकणी, हा क्रम त्यात गोठलेला असतो. पंच बसताना बाजूला सरकलेल्या लोखंडाची किंचित वर आलेली कडाही बोटाला लागते. कुणी जुना नंबर घासून नवा ठोकला असेल तर ग्राइंडरच्या गोल किंवा आडव्या रेघा दिसतात, पट्टा थोडा खचलेला असतो, जुन्या आकड्याची सावली उरलेली असते. बनावट करणारेही हुशार झाले आहेत, ते रेघाही ओढतात. म्हणून एकट्या रेघांवरही भिस्त ठेवता येत नाही.

इथं नियमाची दुसरी बाजू घेतो, कारण तिच्यामुळे जास्त अन्याय होतो. नंबर नाही म्हणजे इंजिन बदललेलं, हा निष्कर्ष आपल्या वर्कशॉपमधल्या रोजच्या कामाकडे पाहिलं तरी टिकत नाही. हेड गॅस्केट उडालं, ब्लॉकचा माथा वाकला की मिस्त्री ब्लॉक फेसिंगला, म्हणजे माथा घासून पुन्हा सपाट करायला, पाठवतो. शेव्हरोलेसारख्या इंजिनात नंबर त्याच माथ्यावर असतो. एका फेसिंगमध्ये तो पुसट होतो, दुसऱ्यात साफ जातो. इंजिन कारखान्यातलंच, मालकानं जपून दुरुस्त केलेलं, आणि त्याच दुरुस्तीमुळे पुराव्याला मुकलेलं. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या (बीएमसी) ए-सीरीज आणि बी-सीरीज इंजिनांवर नंबर ब्लॉकमध्ये ठोकण्याऐवजी पत्र्याच्या छोट्या पट्टीवर असे, आणि ती पट्टी रिव्हेटनं ब्लॉकला लावलेली असे. ती गळून पडू शकते, काढून दुसऱ्या ब्लॉकला लावताही येते. त्याच कंपनीनं 'गोल्ड सील' नावानं कारखान्यात नव्यानं बांधलेली इंजिनं अदलाबदलीत विकली. शेव्हरोले वॉरंटीत बदलून दिलेल्या इंजिनांवर 'सीई' ही अक्षरं ठोकत असे. अशी इंजिनं गाडीच्या जन्माची नाहीत, पण कंपनीच्याच हातून, गाडीच्या ऐन उमेदीत आलेली आहेत. त्यांना भंगारबाजारातून उचललेल्या इंजिनाच्या रांगेत बसवणं मला मान्य नाही.

मग ठरवायचं कशावरून? माझ्या मते इंजिनाची तपासणी ही कालक्रमाची तपासणी आहे. ब्लॉक आधी ओतला जातो, मग त्याचं इंजिन बांधलं जातं, मग ते गाडीत बसतं, मग गाडी कारखान्यातून निघते. या प्रत्येक पायरीनं आपली खूण कुठेतरी सोडलेली असते. शेव्हरोलेच्या ब्लॉकवर मागच्या बाजूला ओतकामाची तारीख उठावात असते: महिन्यासाठी ए ते एल यांपैकी एक अक्षर, मग दिवस, मग वर्षाचा शेवटचा आकडा. ही अक्षरं साच्यातूनच आलेली असतात, लोखंडाच्या वर उभी असतात, पंचानं ठोकून ती बनत नाहीत. ओतकामाची तारीख गाडी तयार झाल्याच्या तारखेनंतरची निघाली, तर पुढच्या पट्ट्यावरचे आकडे कितीही जुळोत, ते इंजिन त्या गाडीसोबत जन्मलेलं असूच शकत नाही. इथं मतभेदाला जागा नाही. एक खबरदारी तेवढी हवी. वर्षाचा एकच आकडा असल्यानं ९ म्हणजे १९५९, १९६९ की १९७९ हे ओतकामाच्या क्रमांकावरून वेगळं ठरवावं लागतं.

दुसरी साक्ष कारखान्याच्या दप्तराची, आणि ती मी आरसी बुकापेक्षा कितीतरी वर ठेवतो. जग्वारचं दप्तर जग्वार डेमलर हेरिटेज ट्रस्टकडे आहे. तिथून मिळणाऱ्या दाखल्यात गाडी निघाली तेव्हाचा चेसिस, इंजिन, बॉडी आणि गिअरबॉक्सचा नंबर असतो, रंग असतो, तारीख असते. बीएमसीच्या अनेक गाड्यांचे असे दाखले इंग्लंडमधल्या गेडन इथल्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडून मिळतात. हे दप्तर गाडी निघताना लिहिलं गेलं, आजच्या लोखंडावरून नव्हे. पूर्वपक्षाला हवे असलेले एकमेकांना न भेटलेले दोन साक्षीदार इथे खरोखर सापडतात. जग्वार ई-टाइपमध्ये तर इंजिनाचा नंबर ब्लॉकवर असतो आणि हेडवरही असतो. दप्तर, ब्लॉक आणि हेड हे तिन्ही एकमुखानं बोलले, पृष्ठभाग न घासलेला निघाला, आणि ओतकामाची खूण काळाशी विसंगत नसली, म्हणजे मी इंजिन मूळचं मानेन. यातलं एकटं काहीही मला पुरेसं वाटणार नाही.

यावर एक आक्षेप येतो. इतकी चिरफाड केली तर निम्म्या गाड्या बाद होतील, शौकीन माणूस हिरमुसेल. हा आक्षेप दोन वेगळे प्रश्न एकत्र करतो. इंजिन मूळचं आहे का, हा एक प्रश्न. गाडी अस्सल आहे का, हा दुसरा. १९९० साली लंडनच्या हायकोर्टात न्या. ऑटन यांच्यापुढे बेंटलीच्या 'ओल्ड नंबर वन'चा खटला चालला. १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षं ल मान्सची शर्यत जिंकलेली ही गाडी. ती एक कोटी पौंडांना विकण्याचा करार झाला आणि खरेदीदारानं ही ती गाडीच नव्हे म्हणत पैसे द्यायचं नाकारलं. १९३२ साली ब्रुकलँड्सच्या शर्यतीसाठी तिच्यात आठ लिटरचं इंजिन बसवलेलं होतं, त्याच शर्यतीत तिचा भीषण अपघात झाला, पुढे बॉडीही बदलली. १९२९ च्या गाडीतले फार थोडे भाग तिच्यात उरले होते, हे न्यायाधीशांनी मान्य केलं. तरीही त्यांनी ती अस्सल ठरवली, कारण तिचं अस्तित्व कुठेही खंडित झालेलं नव्हतं आणि प्रत्येक बदलाचा माग लागत होता. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघानं स्वीकारलेली तुरीनची सनदही गाडीच्या वापरकाळात झालेले बदल तिच्या इतिहासाचा भाग मानते. लष्करी कार्यशाळेत एमबीच्या चेसिसवर जीपीडब्ल्यूचं इंजिन बसलं असेल, तर ते त्या जीपचं युद्धातलं आयुष्य आहे. मालकानं ते तसंच, उघडपणे सांगावं. त्या इंजिनाचा उंचवटा घासून त्यावर 'एमबी' ठोकलं, की खरा इतिहास पुसून खोटा लिहिला जातो, आणि माझा विरोध आहे तो त्याला.

हा वाद आता आपल्याकडे केवळ शौकाचा राहिलेला नाही. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत विंटेज वाहनांसाठी वेगळी नोंदणी आली. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली, मूळ रूपात राखलेली, चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न झालेली गाडी त्यात बसते. २० हजार रुपये शुल्क, १० वर्षांची मुदत आणि 'व्हीए' अक्षरांची खास नंबरमालिका. नियमाचा हेतू चांगला आहे. पण त्याची तपासणी आरसी बुक आणि ब्लॉक ताडून पाहण्यावर थांबली, तर फेसिंगमध्ये नंबर गमावलेली प्रामाणिक गाडी बाहेर राहील आणि पंच मारून आणलेली आत येईल. तपासणाऱ्या अधिकाऱ्यानं ओतकामाची खूण, नंबराखालचा पृष्ठभाग आणि, मिळत असेल तिथे, कारखान्याचा दाखला मागावा. जुळणाऱ्या नंबराला त्यांच्याइतकंच वजन द्यावं, जास्त नको.

गाडीमालकांना एक विनंती आहे. ब्लॉक फेसिंगला किंवा रंगाला पाठवण्याआधी नंबराच्या जागेवरचं तेल केरोसीननं हळुवार काढा. वायर ब्रश आणि पॉलिश पेपर तिथे लावू नका. तिरप्या उजेडात तारखेसह जवळून फोटो घ्या, ओतकामाच्या खुणांचेही घ्या, आणि ते आरसी बुकाच्या फाइलमध्येच ठेवा. मिस्त्रीला फेसिंग किती मारलं ते बिलावर लिहायला सांगा. नंबर त्यात गेलाच तर पुन्हा ठोकून घेऊ नका.